झाडू राहिला, पद गेले

नोकरकपात हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर गिरणीचे बंद फाटक उभे राहते. फाटकावर डकवलेली नोटीस आणि हिशेबाचे पाकीट घेऊन चाळीकडे परतणारा कामगार दिसतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईने हे इतक्या जवळून पाहिले, की कपात म्हणजे हेच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. रेल्वेत असे काही घडलेले नाही. तिथे फाटक उघडे आहे, गाड्या धावत आहेत, नोटीस लागलेली नाही आणि कायम कामगारांना घाऊक घरी पाठवलेले नाही. तरीही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भारतीय रेल्वेतून चार लाखांहून अधिक नोकऱ्या नाहीशा झाल्या आहेत. कोणी काढून टाकले नाही म्हणून कोणी ओरडले नाही. ही कपात कशी होते आणि तिचा घाव कोणाच्या घरावर पडतो, हे उलगडून सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी रेल्वेच्या वस्तीत वाढलो. वडील गँगमन होते. आज मी शिक्षक आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ अर्थशास्त्राचा नाही. परंतु आपल्या चळवळीत या प्रश्नाची मांडणी बहुधा भावनेच्या अंगाने होते आणि तपशिलापाशी येऊन थांबते. प्रस्थापित व्यवस्था मात्र तपशिलातूनच काम करते. म्हणून आपणही तपशिलापासूनच सुरुवात करू.

१

१९९०-९१ साली रेल्वेत सुमारे साडेसोळा लाख माणसे कामाला होती. २०२० नंतर ही संख्या सुमारे बारा लाखांवर आली. आता दुसरी बाजू पाहा. १९९०-९१ साली वर्षभरात सुमारे ३८६ कोटी प्रवाशांनी रेल्वेने प्रवास केला. २०१८-१९ साली हा आकडा सुमारे ८४४ कोटींवर गेला होता. कोरोनापूर्वी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतूनच रोज सुमारे पंचाहत्तर लाख माणसे ये-जा करीत होती. म्हणजे प्रवासी दुपटीहून अधिक झाले, डबे वाढले, फलाट लांबले, कचरा वाढला, संडास वाढले. आणि माणसे मात्र एक चतुर्थांशाहून अधिक घटली.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : यंत्रे आली. ते अंशतः खरे आहे. कोळशाचे इंजिन गेले तेव्हा कोळसा टाकणारा खलाशी गेला. संगणक आला तेव्हा आरक्षणाच्या खिडकीमागचे रजिस्टर गेले. तिकिटे यंत्रातून आणि मोबाइलवरून निघू लागली, तेव्हा बुकिंग क्लार्कची गरज कमी झाली. अशा कपातीवर वेगळी चर्चा होऊ शकते. परंतु फलाट आजही कोणीतरी झाडतोच. डबा आजही कोणीतरी धुतोच. हातात यंत्र आले असेल, पण यंत्र धरणारा माणूस आहेच. रूळ आजही कोणीतरी पायी चालत तपासतो. काम संपल्यामुळे पद गेले, असे या ठिकाणी म्हणता येत नाही. काम जिथल्या तिथे आहे. गेले ते पद.

काम आणि पद यांतला हा फरक या लेखाचा गाभा आहे.

२

पद जाते कसे? प्रक्रिया साधी आहे, आणि साधी आहे म्हणूनच ती नजरेत भरत नाही.

रेल्वेत प्रत्येक कामासाठी मंजूर पदे असतात. एखाद्या डेपोत सफाईवाल्यांची समजा दोनशे पदे मंजूर आहेत. दरवर्षी काही माणसे निवृत्त होतात, काही मरतात. त्यांच्या जागी भरती झाली नाही की पद रिकामे राहते. दोन-तीन वर्षे ते रिकामेच राहिले की कार्याभ्यास करणारे निरीक्षक येतात. ते मोजमाप करतात आणि अहवाल देतात : एवढी वर्षे ही पदे रिकामी असूनही काम अडलेले नाही, अर्थात ती अनावश्यक आहेत. काम का अडले नाही? कारण उरलेल्या माणसांनी दुप्पट राबून ते केले, किंवा ठेकेदाराची माणसे आणून ते करून घेतले. पण अहवालात हे येत नाही. मग ती पदे ‘सरेंडर’ होतात, म्हणजे मंजूर यादीतूनच काढून टाकली जातात.

इथे आणखी एक पायरी आहे. तिची माहिती आपल्या कार्यकर्त्यांना फारशी नसते. रेल्वेत नवे पद निर्माण करायचे असेल तर तितक्याच पैशाची जुनी पदे रद्द करून दाखवावी लागतात. रद्द झालेल्या पदांची किंमत एका खात्यात जमा धरली जाते. तिला रिक्त पदांची बँक म्हणतात. वरच्या दर्जाचे एक पद उभे करायचे तर त्याच्या पगाराइतकी खालची अनेक पदे मोडावी लागतात. खालची रिकामी पदे सर्वांत सहज हाताशी असतात. म्हणजे सफाईवाले, खलाशी, हमाल, शिपाई यांची पदे ही वरच्या मजल्याची वीट होते. हे कोणी कपटाने करतो असे मी म्हणत नाही. नियमच असा आहे, की तो प्रामाणिकपणे पाळला तरी खालचा मजला पोखरला जातो.

या प्रक्रियेला धोरणाचे बळ वेळोवेळी मिळत गेले. पाचव्या वेतन आयोगाने १९९७ साली केंद्रीय नोकरवर्गात दहा वर्षांत तीस टक्के घट करावी अशी शिफारस केली. केंद्र सरकारने १६ मे २००१ च्या आदेशाने नागरी पदांची थेट भरती रिक्त पदांच्या एक तृतीयांशापर्यंत आणि एकूण मंजूर पदांच्या एक टक्क्यापर्यंत मर्यादित केली. निवृत्ती अधिक, भरती कमी, हा मंत्र रेल्वेनेही गिरवला. कोरोनाच्या काळात, २ जुलै २०२० रोजी, रेल्वे बोर्डाने सर्व महाव्यवस्थापकांना पत्र पाठवले : सुरक्षेची कामे वगळता नवी पदे निर्माण करू नयेत आणि सुरक्षेखेरीजच्या रिक्त पदांपैकी पन्नास टक्के पदे रद्द करावीत. देश घरात कोंडलेला असताना हे पत्र निघाले.

सरकार म्हणते, आम्ही लाखोंची भरतीही केली. ते खोटे नाही. पण मागणी किती आहे ते पाहा. २०१८ साली रेल्वेने सुमारे नव्वद हजार जागा जाहीर केल्या तेव्हा दोन कोटींहून अधिक अर्ज आले. २०२५ च्या सुरुवातीला सर्वांत खालच्या श्रेणीच्या ३२,४३८ जागांसाठी एक कोटीहून अधिक अर्ज आले. आपल्या वस्त्यांतील अभ्यासिकांत रात्री जागणारी मुले या कोटींत आहेत. त्यांना वाटते, आपण परीक्षेत कमी पडलो. वस्तुतः ते ज्या जागेसाठी झुंजत आहेत ती जागाच त्यांच्या बापाच्या निवृत्तीबरोबर यादीतून पुसली गेली आहे.

३

आता पदाबरोबर आणखी काय जाते ते पाहू.

सरकारी नोकरीतील अनुसूचित जातींचे आरक्षण आभाळातून पडले नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, अस्पृश्यांसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. १९४६ साली ते प्रमाण १२½ टक्के झाले. १९७० पासून अनुसूचित जातींसाठी १५ टक्के आणि जमातींसाठी ७½ टक्के हे प्रमाण केंद्रीय सेवेत लागू आहे. परंतु टक्केवारी ही घोषणा झाली. ती प्रत्यक्षात उतरते ती बिंदुनामावलीतून.

२ जुलै १९९७ पासून बिंदुनामावली पदांवर आधारलेली आहे. पूर्वी ती रिक्त जागांवर चालत असे. आता एखाद्या संवर्गात जितकी मंजूर पदे तितके बिंदू असतात, आणि कोणता बिंदू कोणाचा हे ठरलेले असते. अखिल भारतीय खुल्या स्पर्धेतून होणाऱ्या भरतीत सातवा बिंदू अनुसूचित जातीचा येतो, चौदावा जमातीचा. प्रदेशवार भरतीत प्रमाण थोडे बदलते, तत्त्व तेच राहते. आपल्या उदाहरणातील दोनशे पदांच्या संवर्गात तीस जागा अनुसूचित जातींच्या आणि पंधरा जमातींच्या होतात. आता एकशे चाळीस पदे सरेंडर झाली असे समजा. साठ पदे उरली. त्यांत अनुसूचित जातींच्या नऊ आणि जमातींच्या चार. एकवीस आणि अकरा जागा गेल्या, आणि आरक्षणाच्या धोरणातील एक अक्षरही कोणी बदलले नाही. संसदेत ठराव नाही, न्यायालयात दावा नाही, रस्त्यावर मोर्चा नाही.

संवर्ग आणखी आकसून सहा पदांचा झाला, तर पहिल्या फेरीत अनुसूचित जातीचा बिंदूच येत नाही. माणसे निवृत्त होतील, नवी भरती होईल, फेरी पुढे सरकेल, तेव्हा तो येईल. पण भरतीच थांबलेली असेल तर फेरी सरकायची कशी?

अनुशेषाचेही तसेच. राखीव जागा भरली गेली नाही तर ती अनुशेष म्हणून शिल्लक राहते आणि तिच्यासाठी भांडता येते. पदच रद्द झाले तर अनुशेष उरत नाही. ज्या प्रश्नासाठी आपल्या संघटनांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली, तो प्रश्न अशा रीतीने न सोडवताच संपतो.

आणि ते एकशे चाळीस जणांचे काम? ते ठेकेदाराकडे जाते. पंचेचाळीस दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे, असे केंद्र सरकारचे १९६८ पासूनचे आदेश आहेत. २०१८ साली त्यांची पुन्हा आठवण करून देण्यात आली. परंतु हे आदेश सरकारने केलेल्या नेमणुकांसाठी आहेत. ठेकेदाराने आणलेला माणूस सरकारने नेमलेला नसतो. त्याला बिंदू नाही.

मात्र इथे एक विलक्षण गोष्ट घडते. बिंदुनामावली नसतानाही सफाईच्या ठेक्यावर माणसे येतात ती बहुतेक आपलीच. नोकरीतील आरक्षण गेले, झाडू मात्र पूर्वीइतकाच राखीव राहिला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची जातवार मोजणी ज्या तक्त्यात छापली जात असे, त्यात सफाई कामगारांचा रकाना वर्षानुवर्षे वेगळा ठेवलेला असे. कारण उघड आहे. त्या रकान्यात अनुसूचित जातींचा टक्का पंधराच्या कितीतरी वर असे. तो इतरांत मिसळला तर साऱ्या श्रेणीचे चित्र बदलले असते. सरकारच्या तक्त्यालाही ठाऊक होते, की या कामाला आरक्षणाची गरज लागत नाही. त्याची व्यवस्था जातीने आधीच करून ठेवलेली आहे.

४

रेल्वे पूर्वी समतेचे घर होती आणि आता ती बिघडली, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा बाबासाहेबांचा विचार आपण वारंवार सांगतो. तो त्यांनी याच परिषदेत मांडला. पण तो सांगताना आपण त्याची पार्श्वभूमी विसरतो. समोर बसलेले लोक रूळ ठोकणारे होते. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, हे बाबासाहेबांनी त्यांच्यापुढे मांडले. त्याला पोर्टरही होऊ देत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि स्टेशनमास्तरला घरात विटाळ चालत नाही. कारखान्यात त्याला वरची कामे मिळत नाहीत. हे सारे सांगून त्यांनी असा प्रश्न उभा केला, की सवर्ण कामगार जर आपल्याच अस्पृश्य सोबत्याची वाट अडवीत असेल, तर कामगारांची एकजूट व्हायची कोणत्या पायावर?

स्वातंत्र्यानंतरही रेल्वेत जात होतीच. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेतच नोकरीला लागतो. नोकरी मिळते, राहायला खोली मिळवायची तर जात लपवावी लागते. तेव्हा कायम पदाने जात संपवली नाही. पण त्याने एक गोष्ट केली, आणि ती लहान नव्हती. जातीने नेमून दिलेले काम एका पिढीपुरते थांबवण्याची शक्यता त्याने दिली.

कशी? गँगमनच्या किंवा सफाईवाल्याच्या कायम पदाबरोबर महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार येत असे. क्वार्टर येत असे. ते दीड खोल्यांचे असले तरी ते गावकुसाबाहेरचे नव्हते. रेल्वेचा दवाखाना येत असे. पास येत असे, त्यावर मुले शिकायला लांबच्या गावी जाऊ शकत. नोकरीत असताना माणूस गेला तर अनुकंपेवर बायकोला किंवा मुलाला काम मिळण्याची वाट असे. म्हातारपणी पेन्शन असे. आणि खात्यांतर्गत परीक्षेचे एक अरुंद का होईना दार असे, ज्यातून खलाशाचा कारागीर आणि शिपायाचा कारकून होऊ शके. मनमाड, भुसावळ, दौंड, इगतपुरी, कल्याण या गावांतल्या रेल्वेच्या वस्त्यांतून आपल्या समाजातले किती शिक्षक, वकील, कार्यकर्ते, कवी निघाले ते प्रत्येकाने आपापल्या ओळखीत मोजून पाहावे. माझे वडील आयुष्यभर रूळ ठोकत राहिले. मी रूळ ठोकला नाही. याचे श्रेय माझ्या हुशारीला नाही. वडिलांच्या पदाला आहे.

म्हणून पदाकडे केवळ पगार म्हणून पाहू नये. ते जातीच्या कामातून बाहेर पडण्याची शिडी होते.

५

ही शिडी काढून घेताना कायद्याने काय केले, याचाही इतिहास आहे, आणि त्याच्या मध्यभागी झाडूच आहे.

१९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. जे काम बारमाही आहे आणि आस्थापनेला आवश्यक आहे, त्यात कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिला. त्याच्या आधाराने ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई, धूळ पुसणे आणि राखण ही कामे १ मार्च १९७७ पासून कंत्राटी कामगारांकडून करून घेण्यास बंदी झाली. आणीबाणीच्या काळात निघालेली ही अधिसूचना झाडूवाल्यांच्या बाजूची होती, ही नोंद केली पाहिजे.

पुढे प्रश्न आला : बंदी झाली, मग ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माणसांचे काय? १९९६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या प्रकरणात उत्तर दिले, की कंत्राट बंद झाले तर त्या कामगारांना मूळ मालकाने सामावून घ्यावे. न्यायमूर्ती के. रामस्वामी यांचा हा निकाल झाडूवाल्यांसाठी मोठाच होता. तो पाच वर्षेही टिकला नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात तो फिरवला. कंत्राट बंद झाले म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले; आणि १९७६ ची ती अधिसूचनाही, पुढील काळासाठी, रद्द झाली. २००६ साली उमादेवी प्रकरणाच्या निकालाने तात्पुरत्यांना कायम करण्याचे दार आणखी अरुंद केले.

शेवटचा टप्पा संहितेचा. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९७० चा कायदा तिच्यात विरला. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावू नयेत, असे ही संहिता म्हणते. वाचायला बरे वाटते. पण गाभ्याचे काम कोणते नाही याची यादी तिने दिली आहे. ज्या आस्थापनेचा मूळ धंदाच सफाईचा नाही, तिच्यासाठी झाडलोट, स्वच्छता आणि कचऱ्याची विल्हेवाट हे गाभ्याचे काम नव्हे. या यादीत सफाई पहिली आहे. सामानाची चढउतार, राखण, उपाहारगृह, बाग, धुलाई हीही कामे यादीत आहेत. ही यादी गावच्या महारवाड्यात, मांगवाड्यात, मेहतरवस्तीत वाचून दाखवली तर लोक म्हणतील, ही तर आमचीच कामे. ज्या कामाशिवाय एक दिवस स्थानक चालणार नाही, ते गाभ्याचे नाही. गावगाड्यातही आपल्याला हेच सांगितले जात असे.

६

एका मोठ्या स्थानकावर ठेकेदाराकडे सफाई करणाऱ्या काही बायका आमच्या वस्तीजवळ राहतात. त्यांच्याशी मी गेली काही वर्षे बोलत आलो आहे. त्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, मेहतर आहेत. मराठवाड्यातून दुष्काळात निघून आलेल्या आहेत. त्यांतल्या वयाने मोठ्या मावशी म्हणाल्या, “सर, बारा वर्षं एकच फलाट झाडते. पण कागदावर मी दर दोन-तीन वर्षांनी नवीच लागते.” ठेका संपतो, नवा ठेकेदार येतो, माणसे तीच राहतात, फक्त त्यांची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. पगार बँकेत पूर्ण जमा होतो, कारण तो तसा दाखवावा लागतो. मग त्यातला काही भाग मुकादम रोखीने परत घेतो. हातमोजे तपासणीच्या दिवशी मिळतात. भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पण त्याचा नंबर कोणालाच ठाऊक नसतो.

भायखळ्याच्या ज्या रेल्वे रुग्णालयाला बाबासाहेबांचे नाव आहे, तिथले कार्ड कायम कर्मचाऱ्याला मिळते, कंत्राटी सफाईवालीला नाही. पास नाही, क्वार्टर नाही, अनुकंपा नाही. तिची मुलगी दहावीत आहे. मावशींना विचारले, मुलगी पुढे काय करणार? त्या म्हणाल्या, “शिकली तर शिकली. नाहीतर माझ्याबरोबर येईल, मुकादम घेतो म्हणालाय.” कायम पदाने निदान एका पिढीपुरते जे थांबवले होते, ते ठेक्याने असे पुन्हा सुरू केले आहे.

कायम होण्याचा रस्ताही वरून बंद होत गेला आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, केंद्रातील ‘ड’ गट संपुष्टात आला आणि खालच्या श्रेणीसाठी दहावी किंवा आय.टी.आय. ही अट आली. पूर्वी आठवी शिकलेल्याला जिथे अर्ज करता येत असे, तिथे आता पदवीधर अर्ज करतात. शिक्षणाची अट वाढणे वाईट, असे आपण म्हणणार नाही. पण जिला आपण शाळेत टिकवू शकलो नाही, तिच्यासाठी सरकारने एकच दार उघडे ठेवले आहे, आणि ते ठेकेदाराचे आहे.

७

इथे एक आक्षेप येतो. तो आपल्यातूनच येतो म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. कार्यकर्ते विचारतात : बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडा म्हणून सांगितले, आणि तुम्ही सफाईवाल्याची पदे वाचवा म्हणता? झाडू वाचवण्यासाठी लढायचे काय?

प्रश्न रास्त आहे. मैला हाताने उचलण्याची प्रथा संपलीच पाहिजे. १९९३ च्या कायद्याने तिला बंदी केली. २०१३ च्या कायद्याने तर हाताने मैला उचलण्याच्या व्याख्येत रेल्वेच्या रुळांचा स्पष्ट उल्लेख केला आणि कंत्राटी कामगारालाही व्याख्येत घेतले. २०२० पर्यंत जवळजवळ सर्व प्रवासी डब्यांत जैविक शौचालये बसली. रुळांवर पडणारी घाण त्यामुळे थांबली. या बदलाचे स्वागत केले पाहिजे. ज्या पदावर मैला उचलावा लागत होता ते पद गेले, याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण त्या पदावरच्या माणसाच्या मुलाला दुसरे कोणते पद मिळाले, हा प्रश्न विचारण्याचे कारण आहे.

आपण झाडू वाचवत नाही. झाडू वाचवणारे दुसरेच आहेत. त्यांनी पद मोडले आणि झाडू तेवढा ठेवला. झाडू सोडायचा तर पायाखाली जमीन लागते. ठरलेला पगार, घर, दवाखाना, मुलाची शाळा ही ती जमीन होय. ती काढून घेऊन ‘झाडू सोडा’ म्हणणे म्हणजे पाण्यात ढकलून ‘पोहा’ म्हणणे आहे.

दुसरा प्रश्न कामगार संघटनांचा. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेला रेल्वेचा संप वीस दिवस चालला. त्या काळात रेल्वेत हंगामी मजुरांची मोठी फौज होती. त्यांची दाद शेवटी न्यायालयातून लागली. इंदरपाल यादव प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पांवरील हंगामी मजुरांना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याची योजना मान्य केली. म्हणजे एकदा हे झाले आहे. अशक्य ते नाही. आज मात्र मान्यतेच्या निवडणुकीत मत असते ते कायम कर्मचाऱ्याला. कंत्राटी सफाईवालीला मत नाही. त्यामुळे तिचा प्रश्न जाहीरनाम्यात असला तरी वाटाघाटीच्या टेबलावर नसतो. मनमाडला विचारलेला प्रश्न आजही उभा आहे. तेव्हा एका बाजूला सवर्ण कामगार होता. आज एका बाजूला कायम कामगार आहे, आणि त्यात आपलेही लोक आहेत. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसाने फलाट झाडणाऱ्या आपल्या बाईकडे कसे पाहावे, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

८

करायचे काय? मोठ्या घोषणा करण्याआधी लहान कामे आहेत, आणि ती अभ्यास मंडळातले चार-पाच विद्यार्थी मिळून करू शकतात.

आपल्या गावच्या डेपोत, स्थानकात, कारखान्यात २००० साली सफाईवाले, खलाशी, ट्रॅकमन यांची किती पदे मंजूर होती आणि आज किती आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. किती पदे कोणत्या आदेशाने सरेंडर झाली ते विचारावे. बिंदुनामावलीचे रजिस्टर पाहायला मागावे. प्रत्येक कार्यालयात अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी नेमलेला असतो, त्याला भेटावे. त्याच कामाचे कंत्राट कोणाला, किती रकमेला आणि किती माणसांसाठी दिले आहे, हेही विचारावे. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की किती पदे मोडली आणि त्यांच्या जागी किती माणसे बिनपदाची आली, ते कागदावर दिसते.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकाची असते. ही तरतूद जुन्या कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. ही एक गोष्ट सफाई करणाऱ्या प्रत्येक बाईपर्यंत पोहोचली तरी मुकादमाचा हात थोडा आखडेल. भविष्य निर्वाह निधीचा नंबर मिळवून देणे, हजेरीचा कागद जपून ठेवायला शिकवणे, ठेकेदार बदलला तरी बारा वर्षांची सेवा सिद्ध होईल असा पुरावा जमवणे, ही शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची कामे आहेत. १९८५ च्या निकालात मजुरांनी किती दिवस काम केले याला महत्त्व आले होते. दिवस मोजलेले असले तरच ते मागता येतात.

आणि आपल्या मागणीची भाषाही बदलली पाहिजे. ‘खासगी क्षेत्रात आरक्षण’ ही मागणी आपण करतो, ती योग्यच आहे. पण सरकारी आवारात, सरकारी पैशाने, सरकारी कामासाठी राबणारी माणसे ठेक्याच्या पडद्याआड जाऊन आरक्षणाबाहेर पडत आहेत. तेव्हा पहिली मागणी ही असली पाहिजे, की जिथे काम बारमाही आहे तिथे पद असावे, आणि जिथे पद आहे तिथे बिंदू असावा. दुसरी मागणी अशी, की सफाईच्या पदावर लागलेल्या माणसाला ठरावीक वर्षांनी दुसऱ्या कामात जाण्याचा हक्क असावा. पहिलीशिवाय दुसरी पोकळ आहे. दुसरीशिवाय पहिली मागितली, तर आपण आपल्याच माणसाला झाडूशी कायमचे बांधून ठेवू.